जळालेलं रजिस्टर आणि याद्या करणारी माणसं

आजच्या भागाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करणार आहे. या विषयावर बोलायचा मला कितपत अधिकार आहे, ते मग तुम्हीच ठरवा.

मी नुकताच कॅप्टन झालो होतो. पलटणीत एक अलिखित नियम असतो. ज्या कामात कुणालाच रस नाही, ते सगळ्यात ज्युनिअर अधिकाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्यामुळे लायब्ररीचा चार्ज माझ्याकडे. लायब्ररी म्हणजे मेसमधली पाच-सहा कपाटं आणि जवानांच्या इन्फर्मेशन रूममधली दोन. ती सांभाळायला एज्युकेशन कोअरचा एक हवालदार होता, त्याला सगळे मास्टरजी म्हणायचे. कुणी काय नेलं, कुणी परत केलं नाही, कुठल्या जवानाला घरचं पत्र वाचून दाखवावं लागतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. आणि डोक्यात नसे ते त्याच्या तीन लांबट, तपकिरी रजिस्टरांत असे.

पलटण हलायची वेळ आली. सामान कमी करा असा हुकूम. जुनं सामान निकाली काढायला बोर्ड ऑफ ऑफिसर्स बसला, त्याचा प्रिसायडिंग ऑफिसर मीच. चामडी बांधणीची, सोनेरी अक्षरांची पुस्तकं मी जपून पेट्यांत भरायला लावली. त्यातली निम्मी कुणी उघडूनही पाहिली नसतील. ती तीन रजिस्टरं मात्र वाळवीनं खाल्लेली, कडा कुरतडलेल्या. मास्टरजी म्हणाला, "साहब, इनको रहने दीजिए, सब इन्हीं में लिखा है." मी म्हटलं, "किताबें तो हैं ना, मास्टरजी?" आणि सही केली. संध्याकाळी सगळं जाळून टाकलं, तसं सर्टिफिकेटही मीच दिलं.

पंधरा-सोळा वर्षांनी एक निवृत्त शाळामास्तर मला शोधत आले. त्यांचे वडील आमच्याच पलटणीत सुभेदार होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत असताना त्यांनी मोडी-बाळबोध मिश्र अक्षरात एक डायरी लिहिली होती आणि पेन्शनीत जाताना ती पलटणीच्या लायब्ररीला दिली होती. घरी त्याची पोच होती, अर्ध्या कागदावर, तारीख आणि नोंद क्रमांकासकट. मुलाला फक्त एकदा ती डायरी पाहायची होती. नोंद क्रमांक समोर होता, पण तो ज्या रजिस्टरातला, ते मी जाळलेलं. डायरी कुठल्या पेटीत गेली, सेंटरच्या म्युझियममध्ये दिली की कुणी वाचायला नेली, हे सांगणारी ओळ उरलीच नव्हती. मी पत्रं लिहिली, फोन केले, दोनदा स्वतः जाऊन पेट्या उपसल्या. डायरी सापडली नाही. ती नष्ट झाली असं अजूनही मी म्हणू शकत नाही. कदाचित ती कुठंतरी कपाटात नीट असेलही. पण ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा असून काय उपयोग?

तेव्हापासून मी याद्या करणाऱ्या माणसांच्या मागे लागलो आहे. नोकरी संपल्यावर दिल्लीत स्थायिक झालो, वेळ मिळाला, आणि लक्षात आलं की या माणसांच्या इतिहासात आपल्या मराठी मंडळींचा हात चांगलाच मोठा आहे, आणि त्यातला एक धागा तर थेट जुन्या दिल्ली स्टेशनसमोर येऊन पोचतो.

आधी जरा लांब, तंजावरला जाऊ. व्यंकोजीराजांनी तिथं मराठी राज्य उभं केलं, हे आपल्याला शाळेत सांगतात आणि तिथंच थांबतात. त्याच घराण्यातले दुसरे सरफोजी राजे, १८३२ साली वारले. पुस्तकांचं त्यांना विलक्षण वेड. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या, युरोपातून मागवलेले ग्रंथ, वैद्यकावरची हस्तलिखितं, सगळं त्यांनी सरस्वती महालात गोळा केलं. १८०६ साली तंजावरातच इसापनीतीचा मराठी अनुवाद छापला गेला, 'बालबोध मुक्तावली' नावानं. म्हणजे पुण्यात पेशवाई चालू होती तेव्हा कावेरीकाठी मराठी पुस्तक छापून तयार! पण एवढा मोठा संग्रह जगाला कळला कधी? बर्नेल नावाच्या एका इंग्रज जज्जानं तिथल्या संस्कृत पोथ्यांची विषयवार सूची तयार केली, ती १८८० साली छापून आली, तेव्हा. पोथ्या आधीही होत्याच. पण लंडनमधला किंवा काशीतला पंडित "अमुक ग्रंथाची प्रत तंजावरला आहे" असं म्हणू शकला, तो त्या सूचीनंतर. फौजेच्या भाषेत सांगायचं तर दारूगोळा भरपूर होता, फक्त कुठल्या डेपोत काय आहे त्याचं लेजर नव्हतं.

आता बडोदा. इथं मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणा नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरातला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. दत्तक जाईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाला अक्षराची किंमत जास्त कळत असावी, हा माझा आपला अंदाज. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखले यासाठी कौन्सिलात झगडत होते, त्याच्याही आधी. पण लवकरच एक अडचण समोर आली. पोरं शाळेत येतात, दोन-चार वर्षं शिकतात, मग शेतात जातात आणि शिकलेलं विसरतात. हातात वाचायला काहीच नाही, मग अक्षर टिकणार कसं? शाळा काढली तर वाचनालय काढावंच लागेल, हा सरळ हिशेब महाराजांनी मांडला.

आता दुसरा कुणी राजा असता तर त्यानं एक देखणी इमारत बांधली असती, आपला पुतळा बसवला असता, आणि आत कुलूपबंद कपाटं ठेवली असती. सयाजीरावांनी आधी माणूस शोधला. ते अमेरिकेत जाऊन आले होते, तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. हा बॉर्डन कनेटिकटमधल्या न्यू हेवनला ग्रंथपाल होता. मेल्विल ड्यूईनं कोलंबिया विद्यापीठात १८८७ साली ग्रंथपालांची जगातली पहिली शाळा काढली, तिथं त्यानं शिकवलंही होतं. योगायोग पाहा, त्याच कोलंबियात १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी गेला. त्याने परदेशात जमवलेली बरीचशी पुस्तकं परत येताना महायुद्धात पाणबुडीनं बुडवलेल्या जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेली. पुढे त्याच माणसाच्या दादरच्या 'राजगृहा'त घर पुस्तकांसाठी आणि उरलेली जागा माणसांसाठी, असा प्रकार होता. असो, तो एका वेगळ्या भागाचा विषय आहे.

बॉर्डन तीन वर्षं राहिला, १९१३ पर्यंत. एवढ्या वेळात त्यानं जे केलं ते एखाद्या चांगल्या क्वार्टरमास्टरसारखं होतं. महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह दिला, त्यांचे बंधू संपतराव यांचाही संग्रह मिळाला, आणि त्यातून सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. बॉर्डननं ड्यूईची आणि कटरची वर्गीकरणाची पद्धत एकत्र करून बडोद्यासाठी वेगळी पद्धत बसवली. १९११ साली स्थानिक तरुणांना ग्रंथालयाचं शिक्षण देणारा वर्ग काढला. हिंदुस्थानातला हा असा पहिला वर्ग. लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकनानं वर्ग सुरू केला, तो १९१५ साली.

पण मला सगळ्यात भावते ती बडोद्याची पेटी. खेड्यांतली वाचनालयं उभी करायला त्यांनी एक साधा नियम केला. गावानं जेवढी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं. तिघांचा सारखा वाटा. गावानं काहीच दिलं नाही तर फुकटची पुस्तकं नाहीत, पण गावानं दिलं तर सरकारला मागं हटता येणार नाही. ज्या गावाला तेवढंही जमत नाही, त्याच्यासाठी फिरती वाचनालयं: मजबूत लाकडी पेट्या, प्रत्येकीत निवडक पुस्तकं. पेटी गावात काही काळ राहायची, मग परत यायची आणि दुसऱ्या गावाला जायची. पेटीबरोबर पुस्तकांची यादी. कुणी काय नेलं त्याची नोंद गावच्या मास्तरानं ठेवायची. विचार करा, ज्या गावात टपाल आठवड्यातून एखाद्या वेळी येत असेल, तिथं गुजराती आणि मराठी पुस्तकं पेटीतून उतरत होती. आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नची चित्रं आणि पुढे सिनेमाही दाखवायचे, तोही ग्रंथालय खात्याकडूनच. बायकांसाठी वेगळं वाचनालय, मुलांसाठी खेळ आणि पुस्तकं एकत्र असलेली वेगळी खोली, हे सगळं पहिल्या महायुद्धाच्या आसपास.

बॉर्डन गेल्यावर काम थांबलं असतं तर ती परदेशी सल्लागाराची नेहमीची कथा झाली असती. पण मागे माणसं तयार झाली होती. जनार्दन सखाराम कुडाळकर हे त्यांतले पहिले. 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक १९१२ पासून निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथपालनावर मराठीत लिहिलं जात होतं, तेही शंभर वर्षांपूर्वी! कुडाळकरांनी १९१९ साली या सगळ्या चळवळीचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपानं लिहून ठेवला. त्यांच्या जोडीला मोतीभाई अमीन, ज्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वतः हिंडून मित्रमंडळं आणि वाचनालयं काढली होती. पुढे न्यूटन मोहन दत्त आले. नावं वाचताना बघा, कवळाण्याचा राजा, अमेरिकन ग्रंथपाल, मराठी, गुजराती आणि बंगाली सहकारी. आज अशी टीम एखाद्या मंत्रालयानं उभी केली तर त्याच्या जाहिराती येतील.

महाराष्ट्रात या काळात काय चालू होतं? संस्था होत्या, चांगल्या होत्या. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, त्यात 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे होते. १८९८ साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. पण मला इथं एका एकट्या माणसाबद्दल बोलायचंय: शंकर गणेश दाते. लोक त्यांना सूचिकार दाते म्हणत, आणि यापेक्षा मोठी पदवी मला तरी माहीत नाही. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायचं, असं या माणसानं मनावर घेतलं. विद्यापीठानं सांगितलं नव्हतं, सरकारनं पगार दिला नव्हता. गावोगावच्या वाचनालयांत आणि खासगी संग्रहांत जाऊन पुस्तकं पाहायची, नाव, लेखक, साल, पानं, छापखाना टिपायचा, आणि विषयवार लावायचं. 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांचा, दुसरा १९३८ ते १९५० चा. दीडशे वर्षांची मराठी छपाई एका माणसाच्या टिपणांत. राज्य मराठी विकास संस्थेनं ती पुन्हा छापली, म्हणून माझ्यासारख्याला ती हाताळता आली.

कुणी विचारेल, यादीत एवढं काय आहे? मी सांगतो काय आहे. त्या सूचीची पानं उलटताना तुम्हाला शेती, पाकशास्त्र, घोड्यांचे रोग, तमाशाच्या लावण्या, कायद्याची भाषांतरं, वेदान्त, रेल्वेची माहिती असं काहीही भेटतं. त्यातली किती पुस्तकं आज कुठंच उरली नसतील! पण ती लिहिली गेली होती, कुणीतरी खर्च करून छापली होती, एवढं तरी त्या ओळीमुळे कळतं. माझ्या सुभेदारांच्या डायरीला तेवढीही ओळ मी ठेवली नाही.

आता दिल्लीकडे. मद्रास विद्यापीठानं १९२४ साली आपला पहिला ग्रंथपाल नेमला. तो होता गणिताचा प्राध्यापक, शियाळी रामामृत रंगनाथन. पहिल्या काही दिवसांतच तो इतका कंटाळला की पुन्हा कॉलेजात शिकवायला घ्या म्हणून सांगायला गेला. त्याला आधी इंग्लंडला शिकायला जायचं होतं, मग बघू म्हणून समजूत काढली गेली. लंडनमध्ये त्यानं पुष्कळ वाचनालयं पाहिली. आणि एका दुकानात त्याला लहान मुलांचा मेकॅनोचा खेळ दिसला. त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, पण जोडणी बदलली की पूल, क्रेन, गाडी, काहीही बनतं. रंगनाथनांच्या डोक्यात दिवा लागला तो तिथं.

हे जरा समजावून सांगतो, कारण सगळ्या विषयाचा गाभा यात आहे. ड्यूईची पद्धत म्हणजे पोस्टातल्या खणांसारखी. खण आधीच ठरलेले, पुस्तक आलं की त्यातल्या एकात टाकायचं. पण समजा पुस्तक आहे, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात फौजेच्या खेचरांना झालेल्या रोगांवर केलेले उपचार. हे लष्करात ठेवायचं, पशुवैद्यकात, की इराकच्या इतिहासात? रंगनाथन म्हणाले, खण नका करू, सुटे भाग करा. मूळ वस्तू कोणती? खेचर. त्याच्यात काय? रोग. त्यावर क्रिया कोणती? उपचार. जागा कुठली? मेसोपोटेमिया. काळ कुठला? महायुद्धाची वर्षं. प्रत्येक भागाला चिन्ह द्या आणि जोडत जा. जोडायला ते कोलन, म्हणजे दोन टिंबं वापरत, म्हणून ती कोलन पद्धत. १९३३ साली छापून आली. आज तुम्ही ऑनलाइन दुकानात बूट शोधताना रंग, माप, किंमत, ब्रँड असे वेगवेगळे चौकोन टिकमार्क करता ना? त्यामागची कल्पना हीच. तुम्ही रोज रंगनाथन वापरता, फक्त नाव माहीत नाही.

त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. मी माझ्या शब्दांत सांगतो: पुस्तक वापरण्यासाठी आहे, जपून पुरण्यासाठी नव्हे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय हे वाढत राहणारं, जिवंत आहे. वाचायला सोपे. पण पहिलाच नियम आपल्या निम्म्या कचेऱ्यांतली कपाटं रोज मोडत असतात.

रंगनाथन मद्रासहून बनारसला गेले, तिथल्या हिंदू विद्यापीठातली सुमारे लाखभर पुस्तकं त्यांनी जवळजवळ एकट्यानं नव्यानं वर्गीकृत केली. मग १९४७ साली दिल्ली विद्यापीठात आले. सर मॉरिस ग्वायर तेव्हा कुलगुरू होते. ते वर्ष आठवा. निर्वासितांच्या छावण्या, दंगली, रेशन. आणि त्या गोंधळात हा माणूस विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण उभं करतो, पलीकडे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनमध्ये माहिती लावण्याचे नियम ठरवतो, आणि प्रत्येक राज्यासाठी ग्रंथालय कायद्याचे मसुदे लिहितो. मद्रासचा कायदा १९४८ चा. अर्थात इथंही एक मराठी टीप जोडून ठेवतो. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ चा, कोल्हापूर संस्थानाचा. महाराष्ट्र राज्याचा १९६७ चा.

आणि आता ते जुन्या दिल्ली स्टेशनसमोरचं ठिकाण. दुसऱ्या महायुद्धात क्वीन्स रोडवर शिपायांसाठी एक कॅन्टीन होतं, व्हॅव्हेल कॅन्टीन. गाडीतून उतरलेला शिपाई तिथं चहा घ्यायचा. युनेस्को आणि भारत सरकार यांनी मिळून दिल्लीत एक नमुनेदार सार्वजनिक वाचनालय काढायचं ठरवलं, तेव्हा जागा मिळाली ती हीच. २७ ऑक्टोबर १९५१ ला नेहरूंनी दिल्ली पब्लिक लायब्ररीचं उद्‌घाटन केलं. रस्त्याचं नाव आज श्यामाप्रसाद मुखर्जी मार्ग. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत पुस्तकांपेक्षा भिंतींकडेच जास्त पाहत होतो. एखाद्या वेळी आमचे सुभेदारसाहेबही इथून चहा पिऊन पुढे गेले असतील.

तिथं काय वेगळं होतं? वर्गणी नाही. आणि कपाटं उघडी. वाचकानं स्वतः फळीपर्यंत जायचं, पुस्तक काढायचं, चाळायचं. आज यात विशेष वाटत नाही, पण तोपर्यंत बहुतेक ठिकाणी काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि शिपाई पुस्तक आणून देईल ती वाट पाहायची, अशी रीत होती. लोक म्हणाले, पुस्तकं चोरीला जातील. गेली असतील काही. युनेस्कोनं इंग्लंडहून आलेल्या अनुभवी ग्रंथपालांकडून त्याचं मूल्यमापन करून घेतलं, फ्रँक गार्डनर यांचा अहवाल १९५७ साली छापला. पुढे मोटारगाडीतून पुस्तकं वस्त्या-वस्त्यांत जाऊ लागली. बडोद्याच्या पेटीला चाकं लागली म्हणा.

ही चोरीची भीती मला चांगली माहीत आहे, कारण सरकारी नोकरीत चार्ज ही काय चीज असते ते मी भोगलंय. पुस्तक हरवलं की पगारातून वसुली, म्हणून ग्रंथपाल कुलूप लावतो. कुलूप लावलं की वाचक येत नाही. वाचक आला नाही की पुस्तक हरवत नाही, आणि चार्ज क्लिअर! गंमत म्हणजे नियम इतका निर्दयी नाहीच. केंद्र सरकारचे जनरल फायनान्शियल रूल्स स्पष्ट सांगतात की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच हरवणं हे वाजवी समजावं, जर निष्काळजीपणा किंवा बेइमानी नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं आणि दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी. म्हणजे हजाराला पाच हरवायची मुभा सरकारनंच दिली आहे. हे मला कॅप्टन असताना कुणी सांगितलं असतं तर मी मेसची कपाटं उघडी ठेवली असती. ग्रंथपाल मित्रांनो, तुमचे वरिष्ठ कुलपाचा आग्रह धरत असतील तर हा नियम छापून टेबलावर ठेवा.

दिल्लीच्या वाचनालयांबद्दल एक छोटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २३ डिसेंबर १९१२ ला चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंजवर बॉम्ब पडला. तो वाचला, त्याच्या नावानं १९१६ साली जवळच हार्डिंज लायब्ररी झाली. १९७० साली तिचं नाव बदललं आणि झालं हरदयाल लायब्ररी. म्हणजे ज्याच्यावर बॉम्ब पडला त्याचं नाव गेलं, आणि गदरवाले लाला हरदयाल आले. उच्चारही किती जवळचा! पाटी रंगवणाऱ्याला फारसा त्रास पडला नसेल.

मुद्द्यावर येतो. मला हल्ली नातवंडं सांगतात, आजोबा, आता ग्रंथपाल कशाला, मोबाइल आहे ना. मी त्यांना एक काम दिलं. इटलीत लढलेल्या आपल्या शिपायांनी लिहिलेल्या मराठी डायऱ्या शोधून द्या. दहा मिनिटांत मला इटलीच्या सहली, डायरी कशी लिहावी, आणि एका डायरी छापणाऱ्या कंपनीची जाहिरात मिळाली. यंत्राचा दोष नाही. जे कुणी नोंदवलंच नाही ते यंत्राला सापडणार कुठून? शोध नंतर येतो. आधी कुणीतरी बसून वस्तू हातात घेऊन ही काय आहे, कुणाची आहे, कधीची आहे हे लिहावं लागतं. ते काम कंटाळवाणं आहे, त्याला पदक मिळत नाही, आणि ते नीट झालं असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

राव तुलाराम मार्गावर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे. १८७० साली सिमल्याला कर्नल मॅकग्रेगर यांनी सुरू केलेली संस्था. तिथल्या लायब्ररीत मी पुष्कळ दुपारी घालवल्या. तिथं मी एकदा काउंटरवर सहज म्हटलं, मला चौथ्या-पाचव्या दशकातलं इटलीबद्दलचं काही हवंय, नक्की काय ते माहीत नाही. त्यांनी विचारलं, "कुठली डिव्हिजन? साल? नदी ओलांडण्याबद्दल हवंय की डोंगरातल्या लढाईबद्दल?" तीन प्रश्न. वीस मिनिटांत माझ्यासमोर चार पुस्तकं आली, त्यातली दोन मी कधी मागितलीच नसती. प्रश्न कसा विचारायचा हेच मला माहीत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. रंगनाथनांचे सुटे भाग, प्रत्यक्षात.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळाचं एक कपाट माझ्याकडे आलं. गोदरेजचं, एका दाराची कडी तुटलेली. बदली होऊन, फ्लॅट विकून, मुलांकडे परदेशात जाऊन निघून गेलेल्या मंडळींनी ठेवलेली पुस्तकं. पाडगावकर, पु. ल., ज्ञानेश्वरीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या, एक अर्धवट पाकशास्त्र, १९६० च्या दशकातले दिवाळी अंक. कमिटीतल्या एकांचं म्हणणं होतं, रद्दीत द्या, इथं जिमची सायकल ठेवू. मी म्हटलं, आधी मोजू द्या.

रोज सकाळी फिरून आल्यावर एक तास. पुस्तक हातात घ्यायचं, धूळ पुसायची, रजिस्टरात लिहायचं: क्रमांक, नाव, लेखक, साल, कुणी दिलं, आत काही लिहिलंय का. मुद्दाम तपकिरी कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर आणलं, करोलबागेत दोन दुकानं हिंडून. आतापर्यंत ३१२ नोंदी झाल्या आहेत. बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्या पानावर नाव आणि सालाबरोबर गावही लिहिलेलं आहे. सांगली, बेळगाव, इंदूर, एकावर बडोदे. परवा एका दिवाळी अंकात घडी घातलेलं आंतरदेशीय पत्र मिळालं, कुणा आईनं दिल्लीला नोकरी लागलेल्या मुलाला लिहिलेलं. ते मी वाचलं नाही. अंकाच्या नोंदीपुढे 'आत पत्र एक' असं लिहिलं आणि परत जिथं होतं तिथं ठेवलं.